मागच्या वेळी सुसाट, या वेळी कुंथणारी आरसी बोट

आरसी बोट म्हणजे रिमोटवर चालणारी छोटी मॉडेल बोट. तिची लक्षणं आधी सांगतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते लगेच ठरवता येईल.

• मागच्या वेळी पाण्यावरून सुसाट गेलेली बोट आज पूर्ण थ्रॉटललाही पाण्याच्या वर येत नाही. नाक उचलून नुसतं पाणी ढकलत राहते.
• मोटरचा सूर बदललाय. स्वच्छ शिट्टीच्या जागी कुंथल्यासारखा आवाज, आणि मागच्या बाजूने किरकिर किंवा खरखर.
• सुरू होताना दोन-तीन आचके देते, मग धावते. कधी नुसतेच आचके.
• बॅटरी निम्म्या वेळात उतरते आणि काढताना हाताला चांगलीच गरम लागते.
• मधोमध बंद पडते, पण सुकाणू हलत असतं. पाचेक मिनिटांनी जरा चालते, परत बंद.
• झाकण उघडलं की तळाला पाणी, आणि कपलरच्या, म्हणजे मोटर आणि पंख्याचा दांडा (शाफ्ट) जोडणाऱ्या तुकड्याच्या, आसपास तपकिरी शिंतोडे.

यातली दोन-तीन एकत्र दिसली की बहुतेक जण म्हणतात, मोटर गेली. मीही तेच म्हणायचो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. एक धडधाकट मोटर काढून मी नवी बसवली आणि बोट तशीच कुंथत राहिली, कारण दोष मोटरच्या मागे, वीतभर पितळी नळीत होता. त्यानंतर स्वतःच्या आणि मित्रांच्या मिळून बऱ्याच बोटींचा हाच आजार काढला. तो आजचा नसतोच. मागच्या वेळी बोट पाण्याबाहेर काढली तेव्हा जे करायचं राहून गेलं, तेच आज कुंथत असतं.

हे सगळं लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, ब्रशलेस मोटर, पाण्याने थंड होणारी ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आणि लवचीक शाफ्ट असलेल्या बोटींबद्दल आहे. आखूड, सरळ, ताठ शाफ्ट असेल तर शाफ्टच्या भागातलं थोडं वगळून वाचा. बाकी तेच.

सुरुवातीला एकच नियम: पंख्याला हात लावायचा तर बॅटरी सुटी. रिमोट बंद आहे, थ्रॉटल शून्यावर आहे, यावर विसंबू नका. धातूच्या पंख्याच्या कडा पात्यासारख्या असतात आणि ब्रशलेस मोटर हाताचं बोट बघून थांबत नाही.

पहिली तपासणी: बॅटरी खरंच भरलेली आहे का

हसू नका. मागच्या वेळी वापरलेली बॅटरी चार्ज केली असं वाटून तीच परत लावलेली मी पाहिली आहे. लायपोचा सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखवतो, म्हणजे तीन सेलची बॅटरी १२.६. सेल मोजणारा छोटा चेकर बॅटरीच्या बॅलन्सच्या पिनांवर (जिथे प्रत्येक सेल वेगळा मोजता येतो) लावा आणि एकूण आकड्यापेक्षा सेलमधला फरक बघा. दोन सेल ४.१८ वर आणि तिसरा ४.०५ वर असेल, तर तो तिसरा भार आल्यावर सर्वांत आधी कोसळतो. ईएससीला वाटतं बॅटरी संपली, आणि ती मोटरची वीज तोडते. सुकाणू मात्र चालू राहतं, कारण रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या रिसीव्हरला लागणारी वीज अगदी किरकोळ असते.

एखादा सेल ३ व्होल्टच्या खाली गेलेला दिसला, तर ती बॅटरी बोटीत परत घालू नका. फुगली असेल तर पुढच्या तपासण्यांपर्यंतही नेऊ नका. त्याबद्दल खाली लिहिलंय.

दुसरी: पंखा आणि तंगूस

बोट उलटी धरा. पंख्याच्या पुढे, शाफ्टला आधार देणाऱ्या स्ट्रटच्या मागे, पंख्याला पकडून ठेवणारा धातूचा तुकडा असतो. त्याला ड्राइव्ह डॉग म्हणतात. तो आणि स्ट्रट यांच्यामधल्या फटीत नीट बघा. भिंग असेल तर घ्या. गळ टाकणारे लोक जिथे येतात त्या पाण्यात तुटलेला तंगूस हमखास असतो. पंखा त्याला गुंडाळून घेतो आणि तो फटीत असा घट्ट बसतो की वरून काहीच दिसत नाही. फिरताना घर्षणाने तो वितळून पारदर्शक कडं बनतं. नुसत्या बोटांनी ते निघत नाही. पंखा काढा आणि टोकदार पात्याने कापून काढा.

पंखा हातात आलाच आहे तर कडांवरून नख फिरवा. दगडाला घासून एका पात्याला खाच पडली असेल तर पंखा असमतोल फिरतो. त्याचा धक्का स्ट्रटला, शाफ्टला आणि शेवटी मोटरच्या बेअरिंगला बसतो. बारीक खाच कानशीने गुळगुळीत करता येते. पातं वाकलं असेल तर पंखा बदला.

आणि प्रामाणिकपणे आठवा, मध्यंतरी पंखा मोठा तर लावला नाहीत? तेवढ्याच फेऱ्यांना पंख्याला लागणारी ताकद ढोबळमानाने व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. ४० मिलिमीटरचा काढून त्याच घाटाचा ४२ चा लावला, तर दोन मिलिमीटरसाठी मोटरवर सव्वापटीहून जास्त भार येतो. गरम होण्याचं कोडं कधीकधी इथेच सुटतं.

तिसरी: हाताने फिरवून बघा

याला काही खर्च नाही, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त बोलणारी तपासणी हीच. बॅटरी सुटी ठेवून पंखा दोन बोटांनी हळूहळू एक पूर्ण फेरी फिरवा. ब्रशलेस मोटरच्या चुंबकांमुळे ठरावीक अंतरावर टप्पे जाणवतात. ते साहजिक आहे. टप्प्यांच्या मधे शाफ्ट सहज सरकला पाहिजे.

फिरवताना वाळू भरडल्यासारखं जाणवलं, तर नळीत खरंच वाळू आहे किंवा गंज आहे. एकाच जागी दर फेरीला जड लागलं, तर शाफ्ट कुठेतरी वाकलाय किंवा कपलर तिरका बसलाय. सगळीकडे सारखंच जड, मेणात फिरवल्यासारखं लागलं, तर जुनं ग्रीस घट्ट झालंय. आणि टप्पेच जाणवले नाहीत, पंखा गरगर फिरला, तर कपलरचा स्क्रू ढिला आहे किंवा शाफ्ट आत तुटलाय.

आता कपलर सोडून नुसती मोटर बोटांनी फिरवा. ती हलकी असेल तर मोटरला दोष देणं थांबवा आणि शाफ्ट बाहेर काढा.

चौथी: शाफ्ट बाहेर काढा आणि ग्रीस वाचा

इथे जरा थांबतो, कारण दुखणं बहुधा इथेच असतं.

लवचीक शाफ्ट म्हणजे पोलादाच्या बारीक तारा एकमेकींवर पीळ देऊन विणलेली दोरी. ती पितळी नळीतून, बऱ्याचदा आत टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या नळीतून, मोटरपासून पंख्यापर्यंत जाते. वाटेत तिला थोडा बाक असतो, म्हणून फिरताना प्रत्येक फेरीत प्रत्येक तार वाकते आणि सरळ होते. मिनिटाला हजारो फेऱ्या. ग्रीस असेल तर तारा एकमेकींवर घसरतात, नसेल तर एकमेकींना करवतात. नळीच्या मागच्या तोंडातून पाणी तर आत येतच असतं, कारण ते तोंड पाण्यात असतं आणि त्याला वेगळी सील नसते. तिथलं ग्रीस दोन कामं करतं, वंगण आणि बूच. हे दुसरं काम लोक विसरतात. बोटीत पाणी कुठून येतं हे शोधणाऱ्यांनी आधी ग्रीस आहे का ते बघावं.

मोटरकडचा कपलर ढिला करायला योग्य मापाची अ‍ॅलन की घ्या, झिजलेली नको. एकदा स्क्रूचं भोक गोल झालं की पुढचा तास ड्रिलबरोबर जातो. मग पंख्याकडून शाफ्ट सरळ मागे ओढा. अडकला तर मागेपुढे फिरवत ओढा, झटका देऊ नका.

बाहेर आल्यावर लगेच पुसायची घाई करू नका. पांढऱ्या फडक्यात शाफ्ट धरा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदाच ओढा आणि फडकं उजेडात धरा. त्या पट्ट्यावर सगळा इतिहास असतो.

ग्रीस जवळजवळ मूळ रंगाचं असेल तर शाफ्ट निर्दोष, पुढच्या तपासणीकडे जा. दुधाळ, साय मिसळल्यासारखं असेल तर त्यात पाणी घुसळलं गेलंय. पोलाद अजून शाबूत असतं, पण पुढच्या आठवड्यापर्यंत राहणार नाही. तपकिरी किंवा विटकरी असेल तर गंज सुरू झालाय. काळं, आणि बोटांत चोळल्यावर चकाकणारे कण दिसले, तर धातू झिजतोय. चमक पिवळी असेल तर पितळी नळी किंवा बुश, पांढरी असेल तर तारा. फडक्यावर ग्रीसच नाही, नुसता ओला तपकिरी डाग आहे, हे सर्वांत वाईट आणि सर्वांत जास्त वेळा दिसणारं चित्र.

एका मित्राच्या बोटीचा शाफ्ट काढला तेव्हा नळीच्या मधल्या भागातल्या चार बोटं लांबीवरच गंज होता. दोन्ही टोकं लख्ख. तो म्हणाला, "मी दर वेळी ग्रीस लावतो की." लावत होता, पण पंख्याकडचं टोक बोटभर बाहेर काढून तेवढ्यालाच. बाकाच्या जागी, जिथे तारा सर्वांत जास्त घासतात, तिथे महिनोन् महिने काही पोहोचलंच नव्हतं.

वरवरचा गंज असेल तर शाफ्ट डीग्रीझरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा आणि वाळल्यावर हाताने हळूच वाकवून बघा. निरोगी शाफ्ट कमानीसारखा एकसारखा वाकतो. एखाद्या जागी काटकोनाकडे झुकला, करकर वाजला, किंवा बोटाला तुटलेल्या तारेचं टोक टोचलं, तर तो बदला. तुटकी तार कापून वापरू नका. असा शाफ्ट भर वेगात तुटतो, त्याचा मागचा तुकडा पंख्यासकट नळीतून घसरून तळाला जातो आणि मोकळ्या झालेल्या नळीतून पाणी बोटीत शिरतं.

नळीही स्वच्छ हवी. कापडाची चिंधी लांब तारेला बांधून आरपार ओढा, चिंधी स्वच्छ येईपर्यंत. टेफ्लॉनचं अस्तर असेल तर ते पुढे सरकून कपलरला टेकलंय का, एका बाजूने घासून भोक पडलंय का, तेही बघा.

मग ग्रीस. पाण्यात टिकणारं, मरीन प्रकारचं घ्या. साधं ग्रीस पाण्याने लवकर धुपतं. शाफ्टवर पूर्ण लांबीभर लावा आणि आत सरकवताना फिरवत न्या, म्हणजे ते पिळाच्या खाचांत बसेल. पुढच्या तोंडातून थोडं बाहेर आलं की पुरे, ते पुसून टाका. खूप दाट थापू नका. पहिल्याच फेरीत कपलर ते सगळ्या बोटीत उडवतो.

आता ती चूक, जी मी दोन मोसम केली. घरी आलो की शाफ्ट न काढता नळीच्या तोंडात पाणी हटवणारा स्प्रे मारायचो आणि काम झालं असं समजायचो. तो स्प्रे पाणी हटवतो खरा. पण तो पातळ असतो, उरलंसुरलं ग्रीसही पातळ करून वाहून नेतो, आणि स्वतः थोड्याच दिवसांत उडून जातो. मागे उरतो कोरडा पोलाद. मोटर, स्क्रू, बाहेरचे सांधे यांना तो स्प्रे जरूर मारा. नळीत ग्रीसच हवं.

पाचवी: फट

शाफ्ट परत बसवताना ड्राइव्ह डॉग आणि स्ट्रट यांच्यात फट ठेवा. बोटीच्या पुस्तिकेत माप असेल तर तेच घ्या. नसेल तर लहान-मध्यम बोटींना २ ते ३ मिलिमीटर चालतं. कारण साधं आहे. जोर आला की शाफ्टचा पीळ घट्ट होतो आणि त्याची लांबी थोडी कमी होते. फट नसेल तर ड्राइव्ह डॉग स्ट्रटवर जाऊन बसतो, आणि मोटर पंखा फिरवायच्या ऐवजी ब्रेक दाबून गाडी हाकावी तशी चालते. हाताने फिरवताना हे कळत नाही, भार आल्यावरच होतं. म्हणून ही चूक भल्याभल्यांना चकवते. स्ट्रटच्या मागच्या तोंडावर गोल, चकाकता घासलेला डाग दिसला की समजा फट कमी पडतेय.

हा पीळ एकाच दिशेने ताकद सोसायला विणलेला असतो. मोटर बदलताना तीनपैकी दोन तारांची अदलाबदल झाली तर मोटर उलटी फिरते आणि पीळ उलगडतो. रिव्हर्स असलेल्या बोटीतही मागे येताना थ्रॉटल अगदी हलका ठेवा, तो याचसाठी.

सहावी: थंड करणारं पाणी वाहतंय का

बोट धावते तेव्हा सुकाणूच्या किंवा मागच्या भिंतीच्या तोंडातून पाणी आत घुसतं, सिलिकॉनच्या नळ्यांतून ईएससी आणि मोटरभोवती फिरतं आणि कडेच्या भोकातून पिचकारीसारखं बाहेर पडतं. पंप नसतो, वेगच ते पाणी ढकलतो. म्हणून स्टँडवर ठेवून मोटर फिरवली तर एक थेंबही फिरत नाही. तिथे दोन-तीन सेकंदांच्या वर आणि पाव थ्रॉटलच्या वर जाऊ नका.

मोठी सिरिंज घ्या, आत येणाऱ्या तोंडाला लावा आणि स्वच्छ पाणी ढकला. बाहेरच्या भोकातून लगेच धार यायला हवी. थेंब थेंब आलं तर शेवाळाचा तंतू किंवा वाळू अडकलीय, नाहीतर झाकणाखाली नळी चिमटली गेलीय. उलट्या बाजूने, बाहेरच्या भोकातून पाणी ढकला. आलेला कचरा आल्या वाटेने लवकर निघतो. आत सुई खुपसू नका, सिलिकॉनला भोक पडतं आणि मग थंड करायचं पाणी बोटीतच साठतं. सिरिंजने ढकलताना झाकण उघडं ठेवून प्रत्येक जोडावर बोट फिरवा, गळती तिथल्या तिथे सापडते.

किती गरम म्हणजे जास्त? बोट काठाला आल्याबरोबर मोटरला हाताचं बोट लावा. तीन-चार सेकंद टिकलं तर ठीक. चटका बसून हात मागे आला तर कुठेतरी अडलंय. मोटरमधल्या साध्या दर्जाच्या निओडिमियम चुंबकांची मर्यादा ८० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. वारंवार त्याच्या पलीकडे गेलं की चुंबक कायमचे कमजोर होतात, आणि मग मोटर खरंच गेली म्हणायची वेळ येते.

सातवी: जोड

बॅटरीचा प्लग, ईएससी आणि मोटरमधले तीन सोनेरी बुलेट, म्हणजे गोळीच्या आकाराचे प्लग. प्रत्येक सोडा, बघा, परत लावा. काळपट डाग, वितळलेलं प्लॅस्टिक, हाताने ओढल्यावर अलगद निघणारा जोड, यातलं काहीही संशयास्पद. आचके देत सुरू होणाऱ्या बोटीत तीनपैकी एक बुलेट ढिला असणं अगदी नेहमीचं आहे. तीन तारांपैकी एकीतून वीज गेली नाही की मोटर फिरायच्या ऐवजी जागच्या जागी थरथरते. हे मुद्दाम मागे ठेवलंय, कारण बऱ्याच बोटींत या जोडांपर्यंत पोहोचायला अर्धी बोट रिकामी करावी लागते.

आठवी: पाणी येतं कुठून

दोन-चार थेंब प्रत्येक बोटीत सापडतात, त्याने झोप उडवू नका. त्याहून जास्त असेल तर टब भरा. बोट आतून पूर्ण कोरडी करा, रिसीव्हर आणि ईएससीला धोका नसेल असं बघा, आणि बॅटरीच्या जागी तेवढ्याच वजनाचं काहीतरी ठेवा. कोरड्या टिश्यूचे तुकडे नळीच्या आतल्या तोंडाशी, सुकाणूच्या दांड्याच्या रबरी बुटाशी, मागच्या भिंतीच्या प्रत्येक बोल्टखाली आणि ड्रेनच्या बुचापाशी ठेवा. दहा मिनिटं तरंगू द्या. जो तुकडा आधी ओला होईल तो गुन्हेगार. सगळे कोरडे राहिले तर पाणी झाकणाच्या कडेने, धावताना येतंय. तिथे गॅस्केट बदला, किंवा निघण्यापूर्वी जलरोधक चिकटपट्टी लावा.

रबरी बुटाला साधं ग्रीस लावू नका, खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगतं आणि फाटतं. त्याला सिलिकॉन ग्रीस.

नववी: मोटर आणि ईएससी

इथवर सगळं नीट निघालं तरच मोटरकडे या. मोटरच्या तिन्ही तारा ईएससीपासून सोडा, एकमेकींना लागू देऊ नका, आणि मोटर हाताने फिरवा. हलकी फिरली आणि तारा ईएससीला जोडल्याबरोबर, बॅटरी नसतानाच, जड झाली तर ईएससीतले ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेत. त्या ईएससीला बॅटरी लावू नका. तारा सुट्या असतानाही जड, अडखळत फिरली तर मोटरच्या आत शॉर्ट किंवा बेअरिंग. बेअरिंगचा आवाज कान लावून ऐकू येतो, कोरडं आणि खरखरीत. पातळ तेलाचा एकेक थेंब पुढच्या-मागच्या बेअरिंगला देऊन बघा. आवाज लगेच परत आला तर बेअरिंग बदलायची वेळ झाली.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

लायपो फुगली, तिला आपटून खड्डा पडला किंवा खाऱ्या पाण्यात बुडाली, तर चार्ज करून बघू म्हणू नका. ती घराबाहेर, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि बॅटरी घेणाऱ्या अधिकृत संकलनात द्या. यात घरगुती इलाज नाही.

ईएससीला जळका वास येतो, आत पाणी दिसतं किंवा ती बॅटरी लावताच तापते, तर ती मॉडेलची इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणाऱ्याकडे जाते. बॅटरीच्या जाड तारांना सोल्डर करायची सवय नसेल तर तेही त्याच्याकडे. तिथला कच्चा जोड ऐन वेगात सुटतो, आणि झाळताना दोन तारा एकमेकींना लागल्या तर बॅटरी पेटते. नळी वाकली असेल, मोटरचा पाया उखडला असेल किंवा तळाला तडा असेल, तर रेषेत परत बसवायला अनुभवी हात लागतो. अर्धा अंश तिरकं बसलं की नवा शाफ्टही महिन्याभरात खाल्ला जातो.

आणि बोट मधोमध बंद पडली तर पोहत जाऊ नका. थंड पाणी आणि पाणवनस्पती चांगल्या पोहणाऱ्यालाही गुंतवतात. वारा तिला काठाला आणेपर्यंत थांबा, किंवा दुसऱ्या बोटीला दोरी बांधून ओढून आणा.

चालवून आल्यावरची वीस मिनिटं

हा भाग छापून बोटीच्या पेटीत ठेवला तर वरचं बरंचसं वाचायची वेळ येणार नाही.

काठावरच बॅटरी सोडा आणि बाहेर काढा. नाक वर, शेपूट खाली धरून ड्रेनचं बूच उघडा. समुद्राच्या किंवा खाडीच्या पाण्यात चालवली असेल तर गोड्या पाण्याने बाहेरून धुवा आणि सिरिंजने थंड करणाऱ्या नळ्याही धुऊन काढा. मीठ पाण्याला जास्त वाहक बनवतं, आणि पोलाद, पितळ, ॲल्युमिनियम जिथे एकमेकांना टेकतात तिथे एक धातू दुसऱ्याला खायला लागतो. घरी आल्यावर शाफ्ट पूर्ण बाहेर, पुसा, ग्रीसचा रंग बघा, नवं लावा. मोटरच्या बेअरिंगला तेलाचा थेंब. बॅटरी थंड झाल्यावर, चार्जरच्या स्टोरेज सेटिंगवर, दर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास आणा. भरलेली किंवा रिकामी ठेवली की ती आतून म्हातारी होते. झाकण रात्रभर उघडं ठेवा. बंद केलेल्या बोटीतला ओलावा कुठेही जात नाही, रिसीव्हरच्या पिनांवर बसतो.

पुढची फेरी आठवडाभर लांब असेल तर मी शाफ्ट नळीच्या बाहेरच ठेवतो, ग्रीस लावून, कागदात गुंडाळून. पण तसं केलंत तर रिमोटवर चिकटपट्टी लावून त्यावर "शाफ्ट बाहेर आहे" असं लिहा. एकदा मी घाईत शाफ्ट घरी विसरून नुसती नळी घेऊन गेलो आणि बोट पाण्यावर ठेवली. रिमोट चालू करेपर्यंत तिने शेपूट पाण्यात घातली होती.